‘आय लिव्ह’च्या पुढे काय लावायचं?

आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येक पोस्टकार्डावर ‘मु. पो.’ असायचं. मुक्काम पोस्ट अमुक, तालुका कराड, जिल्हा सातारा. वडिलांना इंग्रजीत पत्ता लिहायची वेळ आली की ते त्याचंच ‘ॲट पोस्ट’ करायचे. पाचवीत इंग्रजी सुरू झालं आणि बाईंनी विचारलं, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ मी ताठ उभी राहून म्हणाले, ‘आय लिव्ह ॲट पोस्ट...’ आणि तालुका-जिल्ह्यापर्यंत सगळं घडाघडा बोलून टाकलं. बाई हसल्या. का हसल्या ते कळायला मला पुढची बरीच वर्षं लागली.

नंतर मीच एकतीस वर्षं कराडच्या बाजूला हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवलं. आता लेकीकडे कोथरूडला असते. सोसायटीच्या हॉलमध्ये आठवड्यातून तीन संध्याकाळी बोलायच्या इंग्रजीचा वर्ग घेते. वर्गात इंग्लंडला जायच्या तयारीत असलेली एक नर्स आहे, आमच्या वॉचमनची बारावीतली मुलगी आहे, पोळीभाजी केंद्र चालवणारा एक तरुण आहे आणि मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या सत्तरीच्या एक आजी आहेत. चौघांची वयं वेगळी, पण ‘लिव्ह’च्या पुढे चौघेही एकाच खड्ड्यात पडतात. खड्डा मराठीचा आहे, म्हणून आधी तो बघून घेऊ.

आपण किती तऱ्हांनी ‘राहतो’ म्हणतो ते पाहा. पुण्यात राहतो. पुण्याला राहतो. तिसऱ्या मजल्यावर राहतो. मामाकडे राहतो. गावी राहतो. हॉस्टेलवर राहतो. भाड्याने राहतो. प्रत्येक प्रत्ययाला एक इंग्रजी शब्द चिकटवायचा असं आपण मनात ठरवून टाकलेलं असतं: ‘त’ म्हणजे ‘इन’, ‘वर’ म्हणजे ‘ऑन’, ‘ला’ म्हणजे ‘ॲट’ किंवा ‘टू’. मग हॉस्टेलवर राहणारी मुलगी ‘आय लिव्ह ऑन हॉस्टेल’ म्हणते आणि साताऱ्याला राहणारा ‘आय लिव्ह ॲट सातारा’. तिसऱ्या मजल्यावरचा मात्र ‘ऑन द थर्ड फ्लोअर’ म्हणून नेमका सुटतो, आणि त्यामुळे प्रत्ययांवरचा सगळ्यांचा विश्वास आणखी पक्का होतो. ही पद्धत आधी सोडा.

दुसरी वाईट सवय क्रियापदांच्या याद्या पाठ करायची. ‘लिव्ह’ला हे लागतं, ‘रिसाइड’ला ते लागतं. मी स्वतः अशा याद्या फळ्यावर लिहून दिल्या आहेत, तेव्हा हे कबुलीजबाबासारखं घ्या. राहण्याच्या बाबतीत प्रिपोझिशन ठरवते ती पुढची जागा. ‘लिव्ह’ असो, ‘स्टे’ असो की कोर्टकचेरीतलं ‘रिसाइड’ असो, आधी जागेकडे बघायचं.

डबा, पोळपाट आणि टाचणी

आमच्या वर्गात आम्ही जागेचे तीन प्रकार करतो. जी जागा चहूबाजूंनी आपल्याला वेढते ती डबा. देश, राज्य, शहर, गाव, पेठ, कॉलनी, सोसायटी, चाळ, वाडा, फ्लॅट, खोली, हे सगळे डबे. डब्याला ‘इन’. ‘आय लिव्ह इन महाराष्ट्र’, ‘इन कोथरूड’, ‘इन अ चाळ’, ‘इन अ हॉस्टेल’, ‘इन अ वन-रूम किचन’. डबा केवढा आहे याने फरक पडत नाही. जुन्या व्याकरणांत एक नियम होता: मोठ्या शहराला ‘इन’, छोट्या गावाला ‘ॲट’. मीही तसंच शिकले. म्हणजे मुंबई ‘इन’ आणि कराड ‘ॲट’. मग सातारा कशात बसवायचा, हे ठरवणार कोण? आज राहण्याबद्दल बोलताना दोनशे उंबऱ्यांच्या वाडीलाही बिनधास्त ‘इन’ लावा.

ज्या जागेच्या पाठीवर आपण असतो किंवा जिच्या कडेने असतो ती पोळपाट. तिला ‘ऑन’. मजला हा पोळपाट: ‘ऑन द सेकंड फ्लोअर’. शेत: ‘ऑन अ फार्म’. किनारा: ‘ऑन द कोस्ट’. नदीकाठ: ‘ऑन द बँक्स ऑफ द कृष्णा’. शहराची वेस: ‘ऑन द आउटस्कर्ट्स ऑफ नाशिक’. उपनगर मात्र पुन्हा डबा, ‘इन द सबर्ब्स’. कॉलेजचं आवार ‘ऑन कॅम्पस’. बेट हा गमतीचा मामला आहे. घारापुरी बेटावर राहणारा ‘ऑन ॲन आयलंड’ म्हणेल, पण श्रीलंकेत राहणारा ‘इन श्रीलंका’च म्हणणार. दोन्ही बेटंच, पण श्रीलंका म्हटलं की डोळ्यांपुढे देश येतो, म्हणजे डबा.

टाचणी म्हणजे नकाशावर टोचलेला बिंदू. घरनंबरासकट सांगितलेला पत्ता हा बिंदू. त्याला ‘ॲट’. ब्रिटनचे पंतप्रधान ‘ॲट टेन डाउनिंग स्ट्रीट’. गल्लीच्या टोकाला राहता? ‘ॲट द एंड ऑफ द लेन’. इथे आपला ‘ला’ आणि त्यांचा ‘ॲट’ चक्क जुळतात, पण ते जुळणं मनावर घेऊ नका. आईवडिलांच्या घरी राहणारा तरुण ‘आय स्टिल लिव्ह ॲट होम’ म्हणतो, तेही टाचणीतलंच.

ही तिन्ही एकाच माणसावर लावून बघितली की डोक्यात बसतात. मी बाबासाहेबांचं लंडनचं घर घेते. 1921-22 मध्ये लंडनला शिकत असताना डॉ. आंबेडकर जिथे राहत होते ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. पत्ता आहे 10, किंग हेन्रीज रोड. आता बाहेरून आत या. ‘ही लिव्ह्ड इन इंग्लंड’. डबा. ‘ही लिव्ह्ड इन लंडन’. त्याहून लहान डबा. ‘ही लिव्ह्ड ऑन किंग हेन्रीज रोड’. रस्ता, पोळपाट. ‘ही लिव्ह्ड ॲट टेन किंग हेन्रीज रोड’. टाचणी. रस्ता तोच आहे, पण पुढे दहा आकडा आला आणि ‘ऑन’चा ‘ॲट’ झाला. वॉचमनची मुलगी इथे लगेच म्हणाली, “म्हणजे नंबर आला की ॲट!” पत्त्यापुरतं हे सोळा आणे खरं. त्या घरावर जी निळी पाटी आहे तिच्यावर मात्र ‘लिव्ह्ड हिअर’ असं आहे. त्यात ना ‘इन’, ना ‘ऑन’, ना ‘ॲट’. त्याकडे पुढे येते.

रस्त्यावर राहणं

रस्त्याचं प्रकरण जरा थांबून बघण्यासारखं आहे, कारण त्यात इंग्रजी बोलणाऱ्यांचं आपसातच एकमत नाही. अमेरिकन माणूस ‘ऑन’ म्हणतो: ‘आय लिव्ह ऑन ओक स्ट्रीट’. ब्रिटिश माणूस पुष्कळदा ‘इन’ म्हणतो: ‘वुई लिव्ह्ड इन द सेम स्ट्रीट’. त्याच्या मनात स्ट्रीट म्हणजे दोन्ही बाजूंच्या घरांमधली जागा, जवळजवळ आपली आळी. आपणही ‘आळीत’ राहतो म्हणतो, ‘आळीवर’ कधी म्हणत नाही. मोठा हमरस्ता असेल तर ब्रिटिशही ‘ऑन द मेन रोड’ म्हणतात. आमची नर्स घाबरली, इंग्लंडमध्ये काय बोलू? अगं, काहीही बोल, दोन्ही चालतात. एका लिखाणात दोन्हींची भेसळ मात्र नको.

आता मराठीची हुशारी बघा. टिळक रोडवर घर असलेला माणूस ‘मी टिळक रोडला राहतो’ म्हणतो. ‘मी रोडवर राहतो’ म्हणेल का? कधीच नाही, कारण रस्त्यावर राहणं म्हणजे डोक्यावर छप्पर नसणं. माणूस कर्जाने ‘रस्त्यावर येतो’. म्हणून आपण ‘वर’ टाळून ‘ला’ वापरतो. इंग्रजीतही हा काटा आहे, फक्त तो दुसऱ्या जागी टोचतो. रस्त्याचं नाव घेतलं की ‘ऑन’ निर्धोक: ‘आय लिव्ह ऑन कर्वे रोड’. नाव न घेता ‘आय लिव्ह ऑन द स्ट्रीट्स’ म्हणालात, तर समोरचा तुम्हाला बेघर समजेल. नुसतं ‘ऑन द स्ट्रीट’ म्हटलं तरी तोच अर्थ. ‘ऑन अवर स्ट्रीट’, ‘ऑन धिस स्ट्रीट’ चालतं.

भाड्याने राहणं

यात मी स्वतः आपटले आहे. बी.एड. झाल्यावर पहिल्या मुलाखतीला गेले. तेव्हा मी शनिवार पेठेत दोन खोल्या भाड्याने घेऊन बहिणीबरोबर राहत होते. कुठे राहता, या प्रश्नावर मी म्हणाले, ‘आय लिव्ह ऑन रेंट, सर.’ समितीतले एक वयस्कर गृहस्थ मिशीत हसून म्हणाले, “वा, मग नोकरी कशाला हवी?” नोकरी मिळाली नाही. ती त्या वाक्यामुळे गेली नसावी, पण वाक्य मात्र माझ्याबरोबर राहिलं.

घोटाळा असा की ‘लिव्ह ऑन’च्या पुढे पैसा किंवा अन्न आलं की त्याचा अर्थ ‘त्यावर गुजराण करणं’ असा होतो. ‘शी लिव्ह्ज ऑन हर पेन्शन’ म्हणजे ती पेन्शनवर जगते. ‘दे लिव्ह ऑन राइस अँड फिश’ म्हणजे भात-मासे हे त्यांचं रोजचं अन्न. तेव्हा ‘आय लिव्ह ऑन रेंट’ याचा सरळ अर्थ, माझी घरं आहेत आणि त्यांच्या भाड्यावर माझं चालतं. भाडेकरू असलेल्या मी स्वतःला क्षणात घरमालकीण करून टाकलं होतं! ‘टेक अ फ्लॅट ऑन रेंट’ आपल्याकडे सर्रास बोलतात आणि भारतात ते समजतंही, पण राहण्याबद्दल बोलताना ‘आय लिव्ह इन अ रेंटेड फ्लॅट’ म्हणा. खानावळीसकट कुणाच्या घरी राहत असाल तर ‘आय लिव्ह ॲज अ पेइंग गेस्ट’. आपली मुलं ‘आय लिव्ह इन पीजी’ म्हणतात, ते पुण्याबाहेर फार लांब जात नाही.

क्रियापद स्वतःच प्रिपोझिशन ओढून आणतं अशा या थोड्याच जागा, तेवढ्या वेगळ्या लक्षात ठेवा. ‘लिव्ह ऑफ’ हे ‘लिव्ह ऑन’चं चुलत भावंड, त्यात कधीकधी दुसऱ्याच्या जिवावर जगण्याचा वास येतो. ‘लिव्ह थ्रू’ म्हणजे दुष्काळ, युद्ध यांतून तगून निघणं. ‘ड्वेल इन’ म्हणजे राहणं, पण ‘ड्वेल ऑन’ म्हणजे एखादी गोष्ट उगाळत बसणं. सासूचा एखादा शब्द वीस वर्षं उगाळणाऱ्या बाईबद्दल हे बोलता येईल. आणि ‘इनहॅबिट’ला काहीच लागत नाही, ‘इनहॅबिट इन’ चूक.

मामाकडे, आणि देवळाच्या मागे

‘कडे’ला जागा शोधायची नाही, माणूस शोधायचा. ‘आय लिव्ह विथ माय अंकल’. आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेत पोचल्या तेव्हा कार्पेंटर कुटुंबाकडे उतरल्या. इंग्रजीत हे असं सांगायचं: ‘शी स्टेड विथ द कार्पेंटर्स, इन रोझेल, न्यू जर्सी’. आधी माणसं, मग डबा. घरावर जोर द्यायचा असेल तर ‘ॲट माय अंकल्स’, म्हणजे मामाच्या घरी, आणि ‘हाउस’ हा शब्द गिळून टाकायचा.

‘जवळ’ला नुसतं ‘निअर’. ‘निअर टू’ अगदी चूक नाही, पण बस स्टँडजवळ राहणाऱ्याने ‘निअर द बस स्टँड’ म्हणावं. ‘समोर’ला ‘ऑपोझिट’, त्याच्या पुढे ना ‘टू’ ना ‘ऑफ’: ‘ऑपोझिट द बँक’. ‘शेजारी’ला ‘नेक्स्ट टू’, इथे मात्र ‘टू’ हवाच. आणि ‘मागे’ला ‘बिहाइंड’. कृपा करून ‘बॅकसाइड’ म्हणू नका. ‘बॅकसाइड ऑफ द टेंपल’ मी निमंत्रणपत्रिकांवर पाहिलं आहे, दुकानाच्या पाट्यांवर पाहिलं आहे. इंग्रजाच्या कानाला बॅकसाइड म्हणजे ढुंगण. देवळाला ते कशाला लावायचं?

जिथे काहीच लावायचं नाही

आता ती निळी पाटी. ‘लिव्ह्ड हिअर’. ‘इथे’ म्हटलं की त्याच्या पोटात ‘मध्ये’ आलंच. तसंच ‘देअर’, ‘अब्रॉड’, ‘ओव्हरसीज’, ‘अपस्टेअर्स’, ‘डाउनस्टेअर्स’, ‘नेक्स्ट डोअर’. ‘माय सन लिव्ह्ज अब्रॉड’, बस्स. ‘इन अब्रॉड’ आपल्याकडे फार ऐकू येतं, कारण आपण ‘परदेशात’ म्हणतो आणि तो ‘त’ कुठे ठेवायचा ते सुचत नाही. तो टाकून द्या.

‘व्हेअर’चं तेच. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ इथे प्रश्न संपला, शेवटी ‘इन’ नको. ‘द सिटी व्हेअर आय लिव्ह’ म्हटलं तरी नको. पण ‘व्हेअर’ काढून ‘दॅट’ घातलंत किंवा काहीच नाही घातलंत, तर ‘इन’ परत आणावं लागतं: ‘द सिटी आय लिव्ह इन’. शेवटी लोंबकळणारा हा ‘इन’ आपल्या मुलांना अर्धवट वाटतो, म्हणून ती खोडतात. पोळीभाजी केंद्रवाल्याने एकदा लिहिलं, ‘आय नीड अ हाउस टु लिव्ह’. मी विचारलं, घराच्या बाहेर राहणार का? ‘अ हाउस टु लिव्ह इन’. ‘प्लेस’ हा एकच शब्द लाडका आहे, ‘अ प्लेस टु लिव्ह’ असं उघडंच चालतं.

‘स्टे’ की ‘लिव्ह’, यावरून मला फार छळतात. कायमचं घर असेल तर ‘लिव्ह’, चार दिवसांचा मुक्काम असेल तर ‘स्टे’, असं पुस्तक सांगतं. भारतात ‘व्हेअर डू यू स्टे?’ म्हणजे घर कुठे, आणि स्कॉटलंडमध्येही लोक अगदी असंच विचारतात. म्हणजे आपण एकटे नाही. पण ब्रिटनच्या इतर भागांत किंवा अमेरिकेत कुणी ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ विचारलं, तर तो हॉटेल विचारतोय, घर नव्हे. प्रिपोझिशन दोन्हींना सारखंच. हॉटेलला ‘ॲट’ आणि ‘इन’ दोन्ही चालतात. नाव घेतलं की मी ‘ॲट’ला झुकते.

आणखी एक, कारण मुलाखतीत हमखास येतं. कधीपासून राहता? ‘आय ॲम लिव्हिंग इन पुणे फ्रॉम 2015’ हे मराठीतून उचललेलं वाक्य आहे. ‘आय हॅव लिव्ह्ड इन पुणे सिन्स 2015’ म्हणा. वर्ष सांगायचं तर ‘सिन्स’, किती वर्षं ते सांगायचं तर ‘फॉर’.

फॉर्म आणि प्रतिज्ञापत्रात आपल्या ‘रा.’ किंवा ‘राहणार’च्या जागी ‘रिसाइडिंग ॲट’ येतं आणि पुढे अख्खा पत्ता. नुसतं शहर असेल तर ‘रिसाइडिंग इन पुणे’. पाकिटावरचं आपलं ‘ॲट पोस्ट’ आहे तसंच राहू द्या, पोस्टमनला ते कळतं. बोलताना तेवढं तोंडातून काढू नका.

सराव एकच देते. आधार कार्डावरचा स्वतःचा पत्ता समोर घ्या आणि तो उलटा, म्हणजे देशापासून दारापर्यंत, मोठ्याने पूर्ण वाक्यांत बोला. भारत, महाराष्ट्र, पुणे, कोथरूड, सगळीकडे ‘इन’. मग रस्ता, ‘ऑन’. मग सोसायटी, ‘इन’. मजला, ‘ऑन’. आणि शेवटी नंबरासकट सगळा एका दमात, ‘ॲट’. मजल्याच्या ‘ऑन’शी अडखळलात तर परत भारतापासून. आमच्या वर्गात पोळीभाजीवाला सात वेळा भारतात परत आला.

आजींना व्हिसाच्या मुलाखतीत विचारतील, अमेरिकेत कुठे उतरणार? आम्ही दोन आठवडे तेवढंच घोटलं. ‘विथ माय सन. इन एडिसन, न्यू जर्सी.’ परवा त्या हे अगदी न अडखळता म्हणाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “पण बाई, तो ‘ऑन द फर्स्ट फ्लोअर’ राहतो म्हणे. माझे गुडघे जिन्याला ऐकतील का?” मी सांगितलं, आजी, आपण तळमजल्याला ग्राउंड फ्लोअर म्हणतो ते इंग्रजांचं बघून. अमेरिकेत साधारणपणे तळमजल्यालाच फर्स्ट फ्लोअर म्हणतात. तरी मुलाला फोन करून विचारा. त्यांनी तिथल्या तिथे व्हिडिओ कॉल लावला. मुलाने फोन फिरवून दार दाखवलं. दाराबाहेर एक पायरी होती, आणि तिच्यापुढे गवत.